विमानाला क्लच नसतो

एकोणपन्नासाव्या वर्षी मी विमान चालवायला शिकायला लागलो, तेव्हा हे मला जमेल का अशी शंका गावात सगळ्यांना आली, फक्त मला आली नाही. मी बावीस वर्षं द्राक्षबागेत ट्रॅक्टर चालवला आहे. नऊ फुटी ओळींमधून, मागे फवारणीचा ब्लोअर लावून, वेलीच्या एका काडीलाही धक्का न लावता. ज्याला हे येतं त्याला काहीही येतं, असं माझं ठाम मत होतं. अजूनही आहे, जरा कमी ठाम.

आमचं गाव दिंडोरी तालुक्यात. ओझरहून उडणारी लढाऊ विमानं आमच्या शाळेवरून जायची, तेव्हा गुरुजी बोलायचे थांबायचे आणि आवाज सरला की त्याच शब्दापासून पुन्हा सुरू करायचे. बाकीची पोरं वर बघून ओरडायची. मी ते कुठल्या बाजूला वळतंय ते बघायचो. वळताना विमान एका अंगावर का कलतं, हा प्रश्न मला चौथीत पडला आणि त्याचं उत्तर देणारं गावात कोणी नव्हतं. पुढं शेती आली, लग्न झालं, बाग लावली, मुलगी शिकून बंगळुरूला नोकरीला गेली. गेल्या दोन हंगामांत द्राक्षानं चांगला हात दिला. प्रश्न मात्र तिथंच बसून होता.

औषधं विकायला येणाऱ्या एका माणसाकडून मला कळलं, की सिन्नरच्या पलीकडच्या माळावर एक धावपट्टी आहे आणि तिथं हौशी माणसांनाही विमान शिकवतात. दुसऱ्याच दिवशी मी तिथं जाऊन उभा राहिलो. डॉक्टरी तपासणी झाली. डोळे, कान, रक्त, सगळं तपासून झाल्यावर डॉक्टरांनी धंदा विचारला. शेती म्हणालो. मग हे कशासाठी, असं त्यांनी कागदावरून नजर न उचलता विचारलं. हौस म्हणालो. त्यांनी कुठल्या रकान्यात काय लिहिलं ते मला दिसलं नाही.

घरी सांगितलं तेव्हा बायको निवडत असलेली मेथी बाजूला ठेवून माझ्याकडे बघत बसली. आधी तिला थट्टा वाटली, मग राग आला, मग तिनं सौदा केला. आमच्याकडे घरातली सगळी बोलणी छाटणीला बांधलेली असतात. लग्न काढायचं ते छाटणीनंतर, आजारी पडायचं ते छाटणीआधी. एप्रिलची खरड छाटणी नुकतीच उरकली होती. ऑक्टोबरात गोडी छाटणी, तिच्यावर वर्षाचं पीक ठरतं, आणि तिच्यानंतर द्राक्षं उतरेपर्यंत मान वर करायला वेळ नसतो.

"गोडी छाटणीच्या आत एकट्यानं उडून दाखवा," ती म्हणाली. "नायतर हा नाद सोडायचा. परत नाव काढायचं नाय."

मी लगेच हो म्हणालो. माझ्या हिशेबानं जूनमध्येच काम फत्ते होणार होतं.

शिकवणारी मुलगी माझ्या मुलीच्या वयाची, नाशिकरोडची. मी तिला मॅडम म्हणायचो, ती मला काका. पहिल्या दिवशी तिनं मला डावीकडच्या खुर्चीत बसवलं, स्वतः उजवीकडे बसली, आणि आम्ही त्या दोन खुर्च्यांच्या पत्र्याच्या डबीत बसून आकाशात गेलो. इतकं छोटं विमान असेल असं मला वाटलं नव्हतं. आमच्या ब्लोअरची टाकी त्याच्याहून दणकट आहे. वर गेल्यावर तिनं विमान डावीकडे कलवलं आणि सांगितलं, की पंख कलला की त्याची ओढ त्या बाजूला जाते, आणि ती ओढच विमानाला वळवते. नुसतं तोंड फिरवून ते वळत नाही. चाळीस वर्षांनी उत्तर मिळालं. मला इतका आनंद झाला की पुढची पाच मिनिटं ती काय सांगत होती ते मी ऐकलंच नाही, आणि तसं तिला सांगूनही टाकलं. तिनं सगळं पुन्हा सांगितलं.

हवेत मला त्रास झाला नाही. उगाच नम्रता दाखवण्यात अर्थ नाही, मी चांगला होतो. वारा मला कळतो. फवारणी करणाऱ्याला तो कळावाच लागतो, नाहीतर औषध वेलीवर न जाता स्वतःच्या तोंडावर येतं. धावपट्टीच्या कडेला वारा दाखवणारी कापडी पिशवी टांगलेली होती. सगळे तिच्याकडे बघायचे. मी बाजूच्या बाजरीकडे बघायचो, आणि पिशवी हलायच्या आधी सांगायचो की आता डावीकडून येणार. मॅडमनी दोन-तीन वेळा पडताळून पाहिलं आणि मग वाऱ्याबद्दल मला काही शिकवायचं सोडून दिलं.

अडचण जमिनीवर आली. विमान जमिनीवर पायांनी वळतं. डावा पाय दाबला की डावीकडे, उजवा दाबला की उजवीकडे. हातातलं चाक तिथं शोभेचं. हे मला एका वाक्यात समजलं होतं आणि मी मान डोलावली होती. पण पहिल्यांदा विमान उतरवलं, चाकं टेकली, वेग कमी झाला, आणि माझा डावा पाय सरळ खाली गेला. विमानानं तोंड डावीकडे फिरवलं. मॅडमनी शांतपणे दोन शब्द म्हटले, "आय हॅव". म्हणजे विमान आता तिच्या ताब्यात. तिनं ते सरळ केलं, थांबवलं, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "काका, क्लच नाही इथे."

मी हसलो. तीही हसली. पहिल्या वेळेला हसण्यासारखंच होतं.

दुसऱ्या वेळेला तेच झालं. पाचव्या वेळेला तेच झालं. जून गेला. जुलैत पाऊस, ढग खाली आलेले, आठवड्यात एखादा दिवस मिळायचा. शेतकऱ्याला सवड असते तेव्हा आभाळाला सवड नसते, हे मी सौदा करताना विसरलो होतो. एकदा चांगलं ऊन पडलेलं बघून गाडी काढली, तर नाशकात द्वारकेच्या चौकात एक कंटेनर आडवा झालेला. तासभर तिथंच बसलो. पोचेपर्यंत वारा चढला होता, आणि मॅडम म्हणाल्या आज नको. गावात चहाच्या टपरीवर विचारणा सुरू झाली होती, की कारं, ढगांवर औषध मारून झालं का. मी सांगायचो, झालं, आता तुझ्या डोक्यावर मारायचं राहिलंय.

ऑगस्टच्या शेवटी ते गवताचं प्रकरण झालं. मी उत्तम उतरवलं होतं, चाकं टेकल्याचं कळलंसुद्धा नाही, आणि मनात स्वतःला शाबासकी देत होतो. तेवढ्यात पाय गेला, आणि या वेळी टाचेपासून बोटांपर्यंत पूर्ण गेला. पायाखालच्या पट्टीच्या वरच्या टोकाला डाव्या चाकाचा ब्रेक असतो, तो लागला. मॅडमचे शब्द यायच्या आत आम्ही पट्टी सोडून गवतात होतो. विमानाला काही झालं नाही, आम्हालाही नाही. तिनं इंजिन बंद केलं.

"काका, हवेत तुम्ही माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांपेक्षा चांगले आहात," ती म्हणाली. "पण मी शेजारी नसताना हे झालं तर? असं मी तुम्हाला एकटं नाही सोडू शकत. महिनाभर बघू. ही सवय नाही गेली, तर थांबावं लागेल."

मला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला. तिचा नाही, पायाचा. माझाच पाय, मीच पोसलेला, आणि ऐन वेळेला माझं ऐकत नव्हता. छाटणीला महिना राहिला होता. त्या महिन्यात जमलं नाही तर मला घरात विमानाचं नाव काढायचं नव्हतं, आणि पन्नाशीनंतर पुन्हा कोणाशी सौदा करायची धमक राहील असं मला वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी केवड्याची फवारणी होती. पावसाळ्यात पानावर केवडा रोग आला की पान जातं, म्हणून ती टाळता येत नाही. मी ट्रॅक्टरवर बसलो आणि पहिल्यांदाच पायाकडे लक्ष ठेवून चालवला. ओळ संपत आली, दोन्ही बाजूंच्या वेली सरून समोर मोकळी जागा दिसली, आणि मी काही ठरवायच्या आत डावा पाय क्लचवर. पुढच्या ओळीला तेच. दिवसभरात अशा शेकडो ओळी, बावीस वर्षं. धावपट्टीवर वेग कमी झाला की समोर पट्टीचा शेवट दिसतो. दोन्ही बाजूंच्या कडा सरतात आणि समोर मोकळं रान दिसतं. माझ्या पायाला विमान कळतच नव्हतं. त्याला फक्त ओळ संपलेली कळत होती.

हा शोध मी मॅडमना फोन करून सांगितला. मला वाटलं त्या कौतुक करतील. त्या म्हणाल्या, मग महिनाभर ट्रॅक्टर बंद. गाडीही बंद. एसटीनं या.

ट्रॅक्टर बंद म्हणजे काय, हे नाशिकरोडच्या मुलीला कसं कळणार. तो ट्रॅक्टर मी कोणालाही देत नाही. भावाला दिला नाही, मेहुण्याला दिला नाही. किल्ली माझ्या कमरेच्या करगोट्याला असते आणि आंघोळीलाही सुटत नाही. सप्टेंबरात फवारणी थांबवली तर पान जाईल, पान गेलं तर काडी कच्ची राहील, मग ती छाटून उपयोग काय. भाड्याचा ड्रायव्हर बागेत घालायचा म्हणजे वेलींचं मरण. रात्री जेवताना मी हे सगळं मोठ्यानं बोललो आणि शेवटी म्हणालो, की जाऊ दे ते विमान.

"मी चालवते," बायको म्हणाली.

मी भाकरी मोडत होतो, हात थांबला. नंतर मी हसलो. ते हसू मी अजून विसरलेलो नाही आणि तीही विसरलेली नाही. ती म्हणाली, की बावीस वर्षं ती वेलीच्या पलीकडून हे यंत्र बघते आहे. कुठल्या ओळीला पाणी साचतं, कुठं खांब झुकलाय, कुठं मी गिअर चुकवतो, सगळं तिला पाठ आहे. कधी विचारलं नाही, एवढंच.

"मग कधी बोलली नाहीस ती," मी म्हणालो.

"किल्ली कुठं असते तुमची," ती म्हणाली.

ती अट घालणारी, अट मोडली तर तिचंच जिंकणं. तरी ती स्वतःहून ट्रॅक्टरवर बसायला निघाली होती. हे मला त्या रात्री नीट कळलं नाही. तेवढी अक्कल मला उशिरा येते.

मी तिला शिकवायला लागलो, आणि काय सांगू, मी फार वाईट मास्तर निघालो. ती गिअर टाकायच्या आत मी ओरडायचो. ती वळायच्या आत माझा हात स्टिअरिंगवर जायचा. मडगार्डवर बसून मी पहिल्या दिवशी इतका ओरडलो की शेजारच्या बागेतल्या बाया काम सोडून बघायला लागल्या. तिसऱ्या ओळीच्या टोकाला तिनं ट्रॅक्टर थांबवला, तोंडावरचा रुमाल खाली केला आणि विचारलं, "तुमची मॅडम अशीच ओरडती का तुमच्यावर?"

नाही ओरडत. ती दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसते. गवतात जायच्या क्षणापर्यंत तिचे हात गुडघ्यांवर होते. हे किती अवघड असतं ते मला मडगार्डवर बसल्यावर कळलं. त्या दिवसापासून मी माझे हात गुडघ्यांवर ठेवले, आणि ते तिथंच राहावेत म्हणून खरोखर दाबून धरले. चौथ्या दिवशी सकाळी बायको म्हणाली, "उतरा आता. तुमच्या वजनानं ट्रॅक्टर डावीकडं ओढतोय."

ओढत नव्हता. पण मी उतरलो. ती एकटी ओळीत शिरली आणि मी बांधावर उभा राहिलो. वेलींमुळे ती दिसत नव्हती, फक्त ब्लोअरचा आवाज लांब जात होता. माझा जीव टांगणीला लागला होता. ओळीच्या त्या टोकाला आवाज थांबला, क्लच दाबल्याचं मला कळलं, वळण घेतलं, आणि आवाज पुढच्या ओळीतून परत यायला लागला. एकही काडी मोडली नव्हती. मी मोजून बघितल्या. ती पुढच्या ओळीला लागली तेव्हा मी घरी जाऊन चहा केला, आणि चहात साखर घातली की नाही ते आठवेना. त्या दिवशी किल्ली मी मागितली नाही.

मी एसटीनं जाऊ लागलो. पहाटेची दिंडोरी-नाशिक, मग द्वारकेला थांबून थांबून जाणारी सिन्नर. मांडीवर पिशवी, पिशवीत रेडिओवर बोलायच्या वाक्यांची वही. डाव्या पायाला काही काम नव्हतं. पहिला आठवडा तो बसमध्येसुद्धा ड्रायव्हरनं ब्रेक मारला की खाली जायचा. दुसऱ्या आठवड्यात अधूनमधून. तिसऱ्या आठवड्यात सिन्नरच्या स्टँडवर बस शिरली, समोर भिंत आली, आणि मी खाली बघितलं तर पाय चपलेत निवांत पडलेला. शेजारच्या बाईंना मी म्हणालो, बघा, हलला नाही. त्यांनी मांडीवरची पिशवी घट्ट धरली.

सप्टेंबर संपायला चार दिवस असताना, सकाळी साडेनऊला, मॅडमबरोबर तीन फेऱ्या झाल्या. तिन्ही वेळा उतरलो, तिन्ही वेळा पाय जागेवर. चौथ्या वेळेला पट्टीच्या टोकाशी तिनं मला थांबायला सांगितलं, पट्टा सोडला, दार उघडलं आणि खाली उतरली. इंजिन चालू होतं. वाकून म्हणाली, "मी नसल्यामुळे विमान हलकं लागेल. लवकर वर जाईल. बाकी सगळं तेच आहे, काका." आणि दार लावून गवताच्या कडेला जाऊन उभी राहिली. हात कुठं ठेवावेत हे तिला सुचत नव्हतं, हे मला काचेतून दिसलं. मला ते चांगलं माहीत होतं.

विमान खरंच लवकर वर गेलं. उजवीकडची खुर्ची रिकामी होती आणि तिचा पट्टा मी आधीच नीट बांधलेला होता, तरी मी दोनदा तिकडे बघितलं. भीती वाटली का, असं लोक विचारतात. नाही वाटली. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. मला खूप मोकळं वाटत होतं, आणि बोलायला कोणी नाही याचं थोडं वाईट वाटत होतं. खाली माळ, शेततळी, बाजरीचे तुकडे. लांब उत्तरेला धुरकट रेघ होती, तिच्याखाली कुठंतरी माझी बाग. तिच्यावरून मी कधी उडणार नाही, ते आभाळ ओझरच्या विमानांचं आहे. पण तिकडे त्या क्षणी फवारणी चालू होती हे मला माहीत होतं.

उतरायला वळलो तेव्हा पट्टीच्या डावीकडची बाजरी झुकली. वाऱ्याची पिशवी अजून हलली नव्हती. मी नाक जरा वाऱ्याकडे धरलं, शेवटच्या क्षणी सरळ केलं, चाकं टेकली. वेग कमी झाला. दोन्ही कडा सरल्या, समोर मोकळं रान दिसलं. ओळ संपली. पाय जिथं होता तिथं राहिला.

एकट्यानं उडून आलेल्या माणसावर बादलीभर पाणी ओतायची तिथं रीत आहे. मॅडमनी स्वतः ओतलं, डोक्यावरून. मी तसाच ओला एसटीत बसलो. कंडक्टरनं तिकीट फाडताना मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि खिडकीची जागा दिली.

घरी पोचलो तेव्हा दुपार झाली होती. बायको टाकी भरायला शेततळ्याशी थांबली होती, ट्रॅक्टरवरच बसून. तिनं माझे कपडे बघितले. विहिरीत पडलात का, असं विचारलं आणि उत्तर यायच्या आत तिला कळलं. तिचे डोळे भरून आले. रुमालाच्या वर तेवढंच दिसत होतं.

"मला वाटलेलं, नाय जमायचं तुम्हाला," ती म्हणाली. "म्हणून तर अट घातली."

"मग ट्रॅक्टरवर कशाला बसलीस?"

पंपाचा पाइप टाकीत धरून ठेवलेला तिचा हात निळसर औषधानं माखला होता, आणि मला अचानक लाज वाटली. मला आज पाणी घातलं. ती तीन आठवड्यांपूर्वी एकटी ओळीत शिरली होती, वेलींच्या आड, कोणाला दिसतही नव्हती, आणि परत आली तेव्हा मी काड्या मोजत होतो. चहा दिला, तोही बिनसाखरेचा निघाला.

मी तिथली बादली उचलली, तळ्यात बुडवून भरली आणि तिच्या डोक्यावरून ओतली. बांधावर डबे सोडून बसलेल्या बाया एकदम गप्प झाल्या. मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार. तिनं ओल्या रुमालानं तोंड पुसलं, पदर पिळला, आणि डावा पाय क्लचवर ठेवून ट्रॅक्टर सुरू केला.

"किल्ली परत मिळायची नाय," ती म्हणाली.

"मला नकोच," मी म्हणालो, आणि टाकीचं झाकण लावून बाजूला झालो.